खलनायकाची फिर्याद

दशावताराच्या रंगमंचावर सामान म्हणून एक लाकडी बाक असतं. तेच इंद्राचं सिंहासन, तेच कैलासाचं शिखर आणि पाताळातल्या दैत्यराजाचा दरबारही तेच. मागे एक पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज घेऊन बसलेली मंडळी. इंद्र उठून पडद्याआड जातो आणि घटकाभरात त्याच बाकावर राक्षस येऊन बसतो. एक पाय वर घेतो, तलवार मांडीवर आडवी टाकतो आणि समोरच्या पोराटोरांकडे असा बघतो की ती आईच्या पदराखाली सरकतात. नेपथ्य तेच, उजेडही तोच, बदलतो तो माणूस. कथेतला खलनायक कशाच्या बळावर उभा राहतो हे तपासायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही, कारण नटाला इथे आडोसाच नसतो.

कार्तिक महिन्यात सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर अशी गावांची नावं लावणारी मंडळं फिरतीला निघतात. देवाची पालखी फिरून आली, खाज्याच्या दुकानांवरची गर्दी ओसरली, की मध्यरात्रीच्या सुमाराला नाटक उभं राहतं. उजाडताना दहीहंडी फोडून ते संपतं, म्हणून जुनी माणसं या प्रकाराला अजून ‘धयकालो’च म्हणतात. पूर्वी नट कपड्यांचे पेटारे डोक्यावर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जायचे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण तेव्हाची. आता टेम्पो आले, माइक आले, ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकांच्या जाहिराती झळकू लागल्या. एक गोष्ट मात्र फारशी हललेली नाही. नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते.

नट तोंडाला रंग लावायला बसले की मंडळातला जाणता माणूस त्या रात्रीचं आख्यान सांगतो. कुणानंतर कोण येणार, कुठे भांडण, कुठे युद्ध, एवढा सांगाडा ठरतो. बाकी संवाद ज्याचे त्यानं जागेवर करायचे. त्यामुळे देव आणि दैत्य समोरासमोर आले की जे चालतं तो पाठांतराचा कार्यक्रम नसतो, खराखुरा वाद असतो. राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाची भूमिका, करणाऱ्यानं पुराणातला एखादा पेच टाकला आणि समोरच्या विष्णूला उत्तर सुचलं नाही, तर भर जत्रेत देवाचं हसं होतं. उलटही घडतं. राक्षस ढिला पडला की विष्णूला बोलायला काही उरत नाही. मग प्रेक्षक चहाच्या टपरीकडे वळतात. शेवटी कोण मरणार हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मरण्याआधी तो काय बोलतो, एवढ्यासाठी रात्र जागवायची असते.

खलनायकाबद्दल मला जे म्हणायचंय त्याचं मूळ इथे आहे. वाचक किंवा प्रेक्षक ज्याला विसरत नाही त्या खलनायकाकडे एक फिर्याद असते आणि ती ऐकून घेण्यासारखी असते. क्रौर्य, डोळे वटारणं, कपाळावरची जखम हे सगळं नंतरचं.

जालंधर घ्या. दशावतारात हे आख्यान होतं आणि जत्रांच्या मोसमाला ते शोभतंही, कारण तुळशीच्या लग्नाची कथा याच आख्यानात दडली आहे. शिवपुराणात येणारी त्याची हकिकत सावकाश वाचावी अशी आहे. इंद्रावर रागावलेल्या शंकरानं आपल्या कपाळीचा अग्नी समुद्रात टाकला आणि त्यातून एक मूल जन्मलं. त्याच्या रडण्यानं त्रैलोक्य हादरलं तेव्हा ब्रह्मदेव बघायला आले. पोरानं त्यांची मान अशी आवळली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी धरणारा म्हणून तो जालंधर. शंकराखेरीज कुणाच्या हातून तो मरायचा नाही, असं ब्रह्मदेवांनी तिथेच सांगून टाकलं. समुद्रानं त्याला वाढवलं, शुक्राचार्यांनी गादीवर बसवलं, कालनेमीची मुलगी वृंदा त्याची बायको झाली.

एके दिवशी दरबारात त्याला धडावेगळ्या शिराचा राहू दिसतो. हे कसं झालं, तो विचारतो. शुक्राचार्य समुद्रमंथनाची कथा सांगतात. आपण सगळ्यांनी ती देवांच्या बाजूनं ऐकलेली आहे: मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी, चौदा रत्नं, अमृत. जालंधर ती ऐकतो समुद्राचा मुलगा म्हणून. त्याच्या कानांना ऐकू येतं ते असं की माझ्या बापाच्या पोटात डोंगर घालून तो घुसळला, त्याच्या घरातलं सोनंनाणं काढलं आणि आपसांत वाटून घेतलं. तो घस्मर नावाचा दूत इंद्राकडे धाडतो: माझ्या बापाची रत्नं परत द्या. इंद्र म्हणतो, तुझ्या बापानं माझ्या शत्रूंना पोटात आसरा दिला होता, रत्नं मिळायची नाहीत. इथून युद्ध पेटतं.

मालवणच्या किनाऱ्यावर, नारळी पौर्णिमेला ज्याच्या पुढ्यात नारळ सोडतात त्या समुद्राच्या अंगणात, ही मागणी ऐकणारा माणूस क्षणभर तरी गप्प बसतो. कोळ्या-गाबतांच्या वस्तीत तर फारच. चांगला राक्षसपार्टी करणारा नट हा प्रवेश उरकत नाही. तो इंद्राला विचारतो, ‘अमृत प्यायलास, ऐरावतावर बसलास, लक्ष्मी नेलीस. हुंडा म्हणून नेलंस की दरोडा म्हणून?’ असलं काहीबाही नट आपापल्या वकुबाप्रमाणे जुळवतात. त्या वेळी प्रेक्षकांतून जी दाद येते, ती दैत्याला मिळालेली असते.

पुढची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. विष्णू लढायला येतात, जालंधराच्या शौर्यावर खूश होऊन वर माग म्हणतात आणि हा मागतो काय, तर माझी बहीण घेऊन माझ्या घरी राहायला या. लक्ष्मी समुद्रातून निघालेली, म्हणजे नात्यानं त्याची बहीण. विष्णू त्याचे मेहुणे. ते खरोखर त्याच्या घरी राहतात. जालंधर तिन्ही लोकांवर राज्य करतो आणि पुराणकार सांगतात की त्याच्या राज्यात कुणी रोगी नव्हतं, दुःखी नव्हतं, दरिद्री नव्हतं. आता अडचण देवांची. असा राजा मारायचा कसा? मग नारदमुनी त्याच्याकडे जातात, त्याच्या वैभवाची स्तुती करतात आणि सहज सांगावं तसं सांगतात की तुझ्याकडे सगळं आहे, एक पार्वतीसारखी स्त्री मात्र नाही.

इथे कथा वळते. आतापर्यंत ज्याची बाजू आपल्याला पटत होती, तो आता राहूला कैलासावर पाठवून शंकराकडे त्याची बायको मागतो. (या उद्धटपणावर शंकराच्या भुवईतून जो जीव निघाला त्याला खायला काही न मिळाल्यानं त्यानं स्वतःलाच खाल्लं आणि तोंड तेवढं उरलं. तोच कीर्तिमुख. देवळात शिरताना आपण उंबरठ्यावरचं कीर्तिमुख ओलांडतो ते या भांडणातलं आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.) युद्ध जुंपलेलं असताना जालंधर शंकराचं रूप घेऊन पार्वतीपुढे उभा राहतो. ती ओळखते. आणि मग देवांच्या बाजूनं तसंच घडतं: वृंदेच्या पातिव्रत्यावर जालंधर तगून आहे म्हणून विष्णू जालंधराचं रूप घेऊन तिच्याकडे जातात. तिला कळतं तेव्हा ती त्यांना शाप देते आणि अग्निप्रवेश करते. तिकडे जालंधर पडतो.

कार्तिकात कोकणातल्या प्रत्येक अंगणात तुळशीवृंदावन रंगवून, ऊस-चिंचा-आवळे लावून जे लग्न लागतं, त्यातली वधू ही वृंदा आणि वर तोच, जो तिच्याकडे नवऱ्याच्या रूपात गेला होता. मंगलाष्टकं म्हणताना याचा विचार कुणी करत नाही आणि करावाच असाही माझा आग्रह नाही. पण ही कथा इतकी शतकं टिकली याचं कारण मला त्या न सुटलेल्या गाठीत दिसतं. खलनायक मेला, देव जिंकले आणि तरी ऐकणाऱ्याच्या मनात हिशेब जुळत नाही.

कथा रचणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर जालंधराची बांधणी विलक्षण नेटकी आहे. आधी त्याला न्याय्य मागणी दिली. मग ताकद दिली, तीही चोरून आणलेली नाही, देवाच्याच तोंडून मिळालेली. मग चांगुलपणा दिला. मग मोह दाखवला आणि मोहाकडे बोट दाखवणारा तिसराच कुणीतरी ठेवला. रेघ ओलांडली मात्र त्यानं स्वतःच्या पायानं. नारदांनी सांगितलं म्हणून दूत धाडलाच पाहिजे असं काही नव्हतं. ही शेवटची गोष्ट नसती तर तो निव्वळ पीडित झाला असता आणि आधीच्या गोष्टी नसत्या तर निव्वळ राक्षस. दोन्हींत आपल्याला जागं ठेवण्याची ताकद नाही.

ॲरिस्टॉटलनं काव्यशास्त्रात हेच वेगळ्या बाजूनं सांगितलंय. अट्टल दुष्टाचा नाश दाखवला तर प्रेक्षकाच्या नीतिबुद्धीचं समाधान होईल, पण करुणा किंवा भय उपजणार नाही. आपल्याकडे भासानं ‘ऊरुभंग’मध्ये याचा कळस गाठला. महाभारतातला खलनायक दुर्योधन, भीमाच्या गदेनं मांड्या फुटल्यावर जमिनीवर सरपटतो आहे आणि त्याचा लहान मुलगा दुर्जय येऊन नेहमीसारखा मांडीवर बसू बघतो. मांडी उरलेलीच नाही. द्यूतसभेत द्रौपदीला ज्या मांडीवर बसायला खुणावलं तीच ही मांडी. एका अवयवात पाप, शिक्षा आणि बापपण अशा तिन्ही गोष्टी आणून ठेवणारा नाटककार किती थोर असेल, हा विचार मला दर वेळी अवाक करतो.

मराठी नाटकाची सुरुवात मात्र दुसऱ्या टोकापासून झाली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं आणि पौराणिक नाटकांची लाट आली. त्यांतले राक्षस आरोळ्या ठोकत, राळेच्या भडक्यात यायचे. त्या आरोळ्यांवरून अशा नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ नाटकं असं चेष्टेचं नाव पडलं. पहिल्या रात्री दचकलेला प्रेक्षक चौथ्या रात्री हसायला लागतो, याचा तो पुरावा. आजच्या मालिकांमधल्या कारस्थानी सासवा आणि जावा याच वळणाच्या. ढोल वाजतात, चेहरा तीनदा जवळून दिसतो, पण बाईला हे घर उद्ध्वस्त का करायचंय ते दोनशे भाग झाले तरी कळत नाही.

आता कुणी म्हणेल, फिर्याद नसलेले खलनायकही आपल्याला खिळवून ठेवतात, त्यांचं काय? शेक्सपिअरचा इयागो ऑथेल्लोचा सर्वनाश का करतो याची तो निरनिराळी कारणं देतो आणि एकही पुरेसं पटत नाही. तरी त्याच्यावरून नजर हटत नाही. याचं उत्तर मला दशावतारातच सापडतं, फक्त जरा अलीकडे, आख्यान सुरू होण्याआधीच्या भागात. त्याला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो आणि मग येतो संकासुर, काळ्या पोशाखातला. वेद चोरणारा हा दैत्य खरं तर सृष्टीचा केवढा मोठा गुन्हेगार. पण तो अवतरतो तो थट्टामस्करी करत. देवमंडळी शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलत असतात आणि हा एकटा मालवणीत. पुढे बसलेल्यांची फिरकी घेतो, गावातल्या भानगडींवर शेरे मारतो, सरपंचालाही सोडत नाही. ‘काय गो आवशी, पोराक निजवक हाडलंस काय हयसर?’ असं कुणा बाईला विचारून मोकळा होतो. शेवटी विष्णू त्याला मारतात ते योग्यच, पण तोवर तो सगळ्या सभेचा लाडका होऊन बसलेला असतो.

मध्ययुगीन इंग्रजी नीतिनाटकांत ‘व्हाइस’ नावाचं असंच पात्र असायचं. दुर्गुणाचा पुतळा, पण विनोदी आणि थेट प्रेक्षकांशी बोलणारा. शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डनं स्वतःची तुलना याच व्हाइसशी केली आहे आणि इयागोची वंशावळही अभ्यासक तिथवर नेतात. हे दोघे आपला बेत नाटकातल्या इतर पात्रांपासून लपवतात आणि आपल्याला सांगतात. एकदा बेत ऐकला की आपण कटात सामील. ऑथेल्लोला ओरडून सांगावंसं वाटतं आणि त्याच वेळी डाव फसू नये असंही आत कुठेतरी वाटतं. संकासुराकडे फिर्याद नाही, पण आपल्याशी सलगी आहे, आणि ती आपल्याच बोलीत आहे. म्हणजे खलनायकाला आपल्या जवळ यायचे दोन रस्ते दिसतात: एक तर त्याचं म्हणणं पटावं, नाही तर त्याची संगत आवडावी. दोन्ही रस्ते बंद असतील तर तो भिंतीवरच्या चित्रासारखा लांबच राहतो.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. भयानक असणं आणि खल असणं यांचा काही संबंध नाही, हे कोकणाला शिकवावं लागत नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा अधिपती. देवळातली त्याची मूर्ती माणसाहून कितीतरी उंच. त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात; रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात अशी श्रद्धा. याहून भीतिदायक दैवत कल्पून काढणं अवघड आणि त्याच्यावर गावाचा जीव. देवचार नावाचं भूतही इथे वाट दाखवतं, राखण करतं, चिडलं तर चकवतं. बाहेरून आलेल्या लेखकाला कोकण म्हटलं की भूत दिसतं आणि भूत म्हटलं की खलनायक. इथल्या माणसाला भूत हा शेजारी आहे, जरा तापट.

याच आरवलीचे जयवंत दळवी. त्यांच्या लेखनातली वाईट माणसं बघितली की वेतोबाच्या गावानं त्यांना काय शिकवलं ते कळतं: भीती अंधारात शोधायची नाही, दिवाणखान्यात शोधायची. ‘पुरुष’ नाटकातला गुलाबराव जाधव विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात नाना पाटेकर यांनी उभा केला. राजकारणातला माणूस. अंबिका या शिक्षिकेवर तो बलात्कार करतो. पण दळव्यांनी त्याला आरडाओरडा दिलेला नाही, आत्मविश्वास दिलाय. आपलं काही वाकडं होणार नाही हे त्याला हवामान माहीत असावं तसं माहीत आहे. आणि त्याची खरी ताकद त्याच्यात नाहीच, ती भोवतालच्या सज्जनांमध्ये आहे. अंबिकेचे वडील आदर्शवादी, तिचा प्रियकर सिद्धार्थ चळवळीतला, आणि निकराच्या वेळी तोच मागे सरतो. गुलाबरावांसाठी त्या घराची दारं सभ्य माणसांनी आपल्या हातांनी उघडी ठेवलेली असतात. शेवटी अंबिका जो सूड घेते त्यानं प्रेक्षागृह हादरायचं, पण घरी जाताना मन पोखरायचा तो सिद्धार्थ. चांगला खलनायक इतरांचा कस लावतो, कोण कुठे वाकतं ते दाखवतो. हे काम नायकाला जमत नाही.

दळव्यांचे समकालीन चिं. त्र्यं. खानोलकर हेही याच भागातले, कुडाळजवळच्या तेंडोलीचे. ‘कोंडुरा’ ही त्यांची कादंबरी १९६६ ची. कोंडुरा हे ठिकाण वेंगुर्ल्याजवळ खरोखर आहे, खडकांतल्या घळीत समुद्र घुमतो तिथे. कादंबरीत गुन्हा आणि कृपा इतकी एकमेकांत मिसळली आहेत की दोष कुणाच्या पदरात टाकायचा ते वाचकाला ठरवता येत नाही. परशुरामतात्याला सिद्धी मिळते, ती वापरताना तो स्वतःला देवाचा हस्तक समजतो आणि अनर्थ करून बसतो. खलनायकाला वेगळा चेहराच न देण्याची ही तऱ्हा. वाचायला अवघड, आणि नक्कल करायला त्याहून अवघड.

लोकप्रियतेच्या मापानं बोलायचं तर या जिल्ह्यातला अलीकडचा सगळ्यांत मोठा खलनायक अण्णा नाईक. झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झाली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं, बोलणं मालवणी. मालिकेची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूनं होते. मेलेला माणूस, घरात जमलेली मुलंबाळं आणि त्याचं नाव निघालं की एकेकाचा बदलणारा चेहरा. या युक्तीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. खलनायकाला पडद्यावर आणण्याआधी त्याची भीती इतरांच्या अंगावर दाखवली. लोकांना हा माणूस बघायचाच होता, आणि २०१९ च्या दुसऱ्या भागात कथा मागे जाऊन माधव अभ्यंकर यांनी तो जिवंत केला. जमिनीची हाव, बायकांवरची नजर, घरात मारझोड, गावात दरारा. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता त्याच्यासमोर आली आणि मालिकेचे नायक कोण होते हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

अण्णा का चालला? मला वाटतं, तो प्रत्येकानं बघितलेला होता. मोठ्या घराच्या ओसरीवर बसलेला, ज्याच्यासमोर बायका दाराआड उभ्या राहून बोलतात, ज्याच्या पायातल्या वहाणेचा आवाज आला की पोरं अभ्यासाला बसतात, असा कुणीतरी अण्णा, आबा, दादा, काका कोकणातल्या अनेक घरांच्या आठवणीत असतो. त्याला वाईट म्हणायची त्या घरांत चाल नव्हती. मालिकेनं ते म्हणायची सोय करून दिली आणि सोबत त्याच्या रुबाबावर भाळायचीही. माईंच्या भूमिकेतल्या शकुंतला नरे नुसतं ताट वाढताना त्या संसाराचा सगळा ताळेबंद मांडायच्या. तिसऱ्या भागात अण्णा भूत झाले आणि माझ्या मते तिथे त्यांचा धाक गेला. भुताला जमीन नको, पैसा नको, इभ्रत नको. ज्याला काही गमवायचं नाही त्याच्याशी भांडण कसलं लावणार?

निळू फुले यांच्याबद्दल सांगतात की खेडोपाडी बायका त्यांना प्रत्यक्षात बघून बिचकायच्या. ‘सामना’तल्या हिंदुरावापासून त्यांनी जो पाटील, जो साखरसम्राट उभा केला, तोही असाच ओळखीचा होता. मुद्दाम आवाज न चढवता बोलणारा. याउलट ‘झपाटलेला’तला तात्या विंचू हा बाहुला मुलांना घाबरवून गेला आणि आज त्याच मुलांना, आता चाळिशीत, त्याचं प्रेम वाटतं. १९९३ मध्ये त्याला आवाज दिला तो दिलीप प्रभावळकर यांनी.

कोण खलनायक ठरणार हे कथा कुठे बसून सांगितली जाते त्यावरही असतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी कागदपत्रांत मालवणचे लोक म्हणजे चाचे. कंपनीच्या जहाजांना त्यांचा उपद्रव फार झाला म्हणून १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग किल्ला घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. ते नाव आज मालवणच्या बंदरावर कुणाला ठाऊक नाही. कंपनीच्या कप्तानाच्या रोजनिशीतला दरोडेखोर इथल्या घरात आरमारी पूर्वज असतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्याची फिर्याद जालंधरापेक्षा फार वेगळी नाही: समुद्र आमचा, त्यावरून माल तुम्ही नेता.

पुढे गंमत अशी झाली की तात्या विंचूला आवाज देणारे प्रभावळकर दशावतारातच येऊन पोचले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ चित्रपटात ते बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी नट झाले आणि त्यांच्यासमोर उभी होती जमीन खणायला आलेली माणसं. कोकणाच्या कथांना नवा खलनायक सापडला आहे तो हा. दोडामार्ग तालुक्यात खाणींवरून झालेली आंदोलनं लोकांना ताजी आहेत, सातबारावरचे व्यवहार ज्याच्या त्याच्या घरात घडले आहेत. पण या खलनायकाला रंगमंचावर आणणं कठीण. तो एक माणूस नसतो. तो परवाना असतो, भागीदारी असते, मुंबईतली एक कचेरी असते, गावातलाच एक दलाल असतो. दिग्दर्शक मग त्याला दोन-चार चेहरे देतो, गाड्या देतो, गॉगल देतो, आणि अललडुर्रची नवी आवृत्ती तयार होते.

मुरलेल्या राक्षसपार्टीला ही भूमिका दिली तर तो आधी फिर्याद शोधेल. आणि ती आहे. तो समोरच्या गर्दीकडे बघून मालवणीतच विचारेल, ‘तुमची पोरां मुंबैक कित्याक जातत रे? हयसर तेंका काय ठेवलास? आंब्यार पोट भरता? होडयेर भरता? मी काम देतंय, रस्तो देतंय, दवाखानो बांदतंय. तुमच्या देवळाचा कळस कोणाच्या पैशान चढलो, तो इचारा तुमच्या मानकऱ्याक.’ यावर नायकानं काय उत्तर द्यायचं? डोंगर आमचा बाप आहे, हे झालं जालंधराचं उत्तर आणि ते या वेळी नायकाच्या बाजूला आलंय. ते पुरेल का, की त्यापुढे पोराच्या नोकरीचं काहीतरी बोलावंच लागेल, याचा वाद पहाटेपर्यंत चालवू शकेल असा विष्णू मला अजून कुठल्या मराठी पडद्यावर किंवा रंगमंचावर भेटलेला नाही.